गोवर्धनाच्या जिवंत देखाव्यात कृष्णाच्या अंगाला कोणता निळा रंग लावावा?

पेठकर:
नमस्कार. आमच्या मंडळाने यंदा गणेशोत्सवात गोवर्धन उचलण्याचा जिवंत देखावा करायचे ठरवले आहे. कृष्णाची भूमिका माझा सतरा वर्षांचा पुतण्या करणार आहे. कमरेवर उघडे अंग, खाली पीतांबर आणि एक हात सतत वर, अशी त्याची उभे राहण्याची ढब आहे. एक प्रयोग नऊ-दहा मिनिटांचा असला, तरी संध्याकाळी सातपासून दहापर्यंत तो दर अर्ध्या तासाने होणार आहे आणि हे सलग आठ दिवस चालेल. मांडवात हॅलोजनची उष्णता आणि भाद्रपदातला दमटपणा असतोच. शिवाय इंद्राचा कोप दाखवण्यासाठी वरून पाण्याचे बारीक फवारे सोडायचा विचार आहे.

दोन वर्षांपूर्वी शंकराच्या देखाव्यासाठी आम्ही सुटी निळी पूड खोबरेल तेलात कालवून लावली होती. तिसऱ्या दिवशी त्या मुलाच्या मानेवर आणि काखेत पुरळ उठले. ती पूड कशाची आहे, हे विकणाऱ्यालाही सांगता आले नाही. त्या मुलाच्या आईसमोर उभे राहताना मला फार वाईट वाटले होते, म्हणून या वेळी आधी विचारून मगच खरेदी करणार आहे. पाण्याचा रंग घ्यावा की तेलकट, छटा कोणती निवडावी आणि रोज रात्री तो कसा उतरवावा, हे कृपया सविस्तर सांगावे.

रंगपट:
मी पुण्यात बरीच वर्षे रंगभूषा करतो. आपल्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट पाण्याचे फवारे ही आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

अंगाला लावायचे रंग ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. पहिला प्रकार पाण्याच्या वडीचा. ओल्या स्पंजाने रंग उचलायचा, तो लवकर वाळतो आणि साबणाने निघतो, पण घामाने ओघळतो. दुसरा तेलकट रंग. त्यावर पाणी ठरत नाही, मात्र पावडर मारून बसवला नाही तर हात लागेल तिथे पुसला जातो आणि पीतांबराची वाट लावतो. रंगपटात क्रायोलान कंपनीचे अ‍ॅक्वाकलर आणि सुप्राकलर हे अनुक्रमे या दोन प्रकारांतले रंग सर्रास दिसतात. तिसरा स्पिरिटवर उतरणारा रंग सर्वांत टिकाऊ असतो, पण तो वाळेपर्यंत पेट घेऊ शकतो आणि त्वचा कोरडी पाडतो. जिथे समई आणि कापूर पेटलेले असतात अशा मांडवात, सतरा वर्षांच्या मुलाला, आठ दिवस रोज तो लावावा असे मी मुळीच सुचवणार नाही.

माझे मत असे की, आपण पाण्याचा रंग घ्यावा आणि फवारे कृष्णावर पडू देऊ नयेत. गोवर्धनाखाली पाऊस पोचला नाही, हेच त्या कथेचे मर्म आहे. त्यामुळे पर्वताच्या कडेवरून पुढे आणि दोन्ही बाजूंना पाणी कोसळावे आणि आतले गोकुळ कोरडे राहावे, हे दृश्य अधिक खरे दिसेल.

लावताना स्पंज इतका पिळावा की दाबला तरी थेंब पडू नये. ओढून लावल्यास पट्टे उमटतात, म्हणून थोपटत लावावा. पहिला हात ठिपकेदार आणि विरळ दिसतो. तो पाहून घाबरून लगेच जाड थर देऊ नये. तो पूर्ण वाळू द्यावा, मग दुसरा पातळ हात द्यावा आणि शेवटी रंगहीन पावडर हलकेच दाबून जादा झटकावी. आणखी एक काळजी अवश्य घ्यावी: ज्या हाताने पर्वत उचलायचा आहे तो हात वर धरूनच काख आणि बरगड्या रंगवाव्यात. हात खाली असताना रंगवले की, तो वर जाताच कातडी ताणली जाते आणि घड्यांच्या जागी अंगाच्या मूळ रंगाच्या रेघा उघड्या पडतात.

छटा दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ठरवू नये. हॅलोजनच्या पिवळसर प्रकाशात निळा मळकट आणि गडद दिसतो, तर लाल प्रकाशात जवळजवळ काळा पडतो. मनगटापासून कोपरापर्यंत दोन छटांचे पट्टे ओढून, मांडवातले दिवे लावून, प्रेक्षक उभे राहतात तेवढ्या अंतरावरून पाहावे. उजळ करण्यासाठी पांढरा फार मिसळू नये. चेहरा खडूसारखा निर्जीव दिसतो. आपल्याकडे कृष्णाला सावळा म्हणतात, तेव्हा खालची कातडी किंचित जाणवेल इतका पातळ निळाच मला अधिक शोभून दिसतो.

त्वचेचा_डॉक्टर:
रंगकामाच्या किंवा रांगोळीच्या दुकानातली पूड अंगासाठी बनवलेली नसते, त्यामुळे ती कितीही चांगली दिसली तरी नाकारावी. पूर्वी नट चेहऱ्याला मुरदाडशिंग लावत; ते शिशाचे संयुग आहे. आज शिसे आणि आर्सेनिक यांची संयुगे प्रसाधनांत रंग म्हणून वापरायला आपल्या कायद्याने मनाई आहे. वेष्टनावर घटक, परवाना क्रमांक, बॅच आणि वापराची मुदत छापलेली नसेल, तर ती वडी घेऊ नये.

एका रात्रीच्या चाचणीवर विसंबू नका. आठ दिवस वापर होणार असल्याने कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर तोच रंग दिवसातून दोनदा, सलग आठवडाभर लावून पाहावा. खाज, लाली किंवा बारीक पुरळ दिसल्यास तो रंग बाद समजावा. छातीवरचे केस काढायचे असतील, तर ते आदल्या दोन दिवसांत करावे. त्याच दिवशी केल्यास रंग चुरचुरतो.

सर्वांग रंगवले की त्वचेचा श्वास कोंडतो, असे अनेक जण सांगतात. माणूस फुप्फुसांनी श्वास घेतो, त्यामुळे तशी भीती नको. पण जाड थराखाली घाम नीट सुकत नाही आणि अंग तापते, हे मात्र खरे आहे. म्हणून दोन प्रयोगांच्या मध्ये मुलाला पंख्यासमोर बसवावे आणि पाणी पाजावे. चक्कर किंवा मळमळ वाटली, तर पुढचा प्रयोग थांबवावा.

जुना_कान्हा:
मी कॉलेजात असताना पेठेतल्याच एका मंडळात चार वर्षे कृष्ण झालो होतो. घामाची पहिली धार काखेतून निघते आणि बरगडीवरून सरळ कमरेपर्यंत उतरते. तिसऱ्या प्रयोगाला तिथे बोटभर रुंदीचा पट्टा स्वच्छ धुतलेला असायचा. टॉवेलने पुसल्यास आजूबाजूचाही रंग जातो, म्हणून मलमलच्या फडक्याने फक्त टिपून घ्यावे आणि जवळजवळ कोरड्या स्पंजाने तेवढीच जागा पुन्हा थोपटावी.

पाठ प्रेक्षकांना दिसत नसेल तर ती रंगवूच नये; घाम सुकायला तेवढी जागा मोकळी राहते. वर धरलेल्या हाताचा तळवा निळा करण्याऐवजी आळत्याने लाल करावा. करंगळीवर पर्वत धरलेला तो हात सर्वांत आधी नजरेत भरतो आणि चित्रांतही तळवे लालच असतात. पीतांबराच्या आत कमरेला जुन्या सुती कापडाची पट्टी बांधली, तर निळा डाग वर येत नाही.

नीलिमा_सदाशिव:
आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही निळ्या रंगाचे अंगाला घट्ट बसणारे बनियन घालून फक्त चेहरा, मान आणि हात रंगवले होते. तसे केल्यास चालेल का?

रंगपट:
लहान मुलांसाठी ती युक्ती उत्तम आहे. इथे हात वर असल्याने काखेत कापडाच्या चुण्या पडतील आणि प्रेक्षक अगदी चार-पाच हातांवर उभे असतील, म्हणून मी अंगच रंगवीन. चाचणीत पुरळ उठले, तर मात्र बनियनच वापरावे.

उतरवण्याबद्दल लिहायचे राहिले. रंग लावण्यापूर्वी नखांच्या कडांना आणि बेंबीत थोडे पेट्रोलियम जेली लावावे, कारण निळा तिथेच अडकून बसतो. रात्री कोमट पाणी आणि सौम्य साबण; तरीही निळसर झाक उरली, तर कापसावर खोबरेल तेल घेऊन ती सोडवावी आणि पुन्हा साबण लावावा. रॉकेल किंवा घासणी अंगाला लावू नये.

पेठकर:
सर्वांचे मनापासून आभार. फवारे पर्वताच्या कडेवर सरकवायला कार्यकर्त्यांनी होकार दिला आहे. पाण्याच्या रंगाची वडी आज घेतली. घटक, परवाना क्रमांक आणि मुदत तपासली. पुतण्याच्या कोपरावर सकाळी पहिला ठिपका लावला आहे. उत्सवाला अजून तीन आठवडे असल्याने आठवडाभराची चाचणी पूर्ण होईल आणि गरज पडल्यास दुसरी वडीही तपासता येईल. हॅलोजन शनिवारी बसतील. त्या रात्री दोन्ही छटा पाहून इथे कळवतो.