शाळा सुटल्यावर मुलांसाठी कवितेचा वर्ग : आराखडा तपासून हवा (कुर्ला)

नेहरूनगर_वाचक
आमच्या वस्तीतल्या समाजमंदिराचा हॉल आठवड्यातून दोन दिवस, मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी ४ ते ५.१५ मिळणार आहे. सहावी ते आठवीची साधारण २० मुलं येतील. बहुतेक महापालिकेच्या मराठी शाळेतली, सकाळच्या पाळीची. चार-पाच जणांच्या घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलतात. आम्ही तिघं स्वयंसेवक आहोत, तिघंही नोकरी सांभाळून येणार. मुलांकडून गोष्टी आणि कविता लिहून घ्यायच्या आणि शेवटी छोटी पुस्तिका काढायची असं ठरलंय. 'विषय : पाऊस' असं फळ्यावर लिहिलं की वीसच्या वीस वह्यांत एकच कविता उतरते, मोर नाचतो, धरती हिरवा शालू नेसते. ते कसं टाळायचं? सत्रं किती ठेवायची, यमक शिकवायचं की नाही, आणि पुस्तिकेला खर्च कमी कसा ठेवायचा, हेही सांगा.

शाईपेन
मोर आणि शालू येतात कारण मुलं निबंधाच्या सवयीने लिहितात. विषय मिळाला की गाइडमधली वाक्यं आठवायची, हे शाळेने पक्कं करून घेतलेलं असतं. त्यामुळे विषय देऊच नका, प्रश्न द्या, आणि प्रश्न असा की ज्याचं उत्तर गाइडमध्ये असूच शकत नाही. 'पाऊस' नको. 'पावसात तुमच्या घरात पहिलं पाणी कुठून येतं? तिथे काय ठेवता? ते कोण ओततं, आणि कुठे?' असं विचारा. चार ओळींची उत्तरं लिहून घ्या आणि मग प्रश्न खोडून टाका. उरतं ते बहुतेक वेळा कवितेच्या जवळचं असतं.

७५ मिनिटं अशी वाटा : पहिली १० मिनिटं खाऊ, कारण सकाळच्या पाळीची मुलं साडेबाराला सुटून चारपर्यंत क्लास किंवा घरकाम करून आलेली असतात. मग १० मिनिटं एखादी छापील कविता मोठ्याने दोनदा वाचायची, अर्थ न सांगता. १० मिनिटं तोंडी प्रश्नोत्तरं, २० मिनिटं लेखन, २० मिनिटं वाचन, ५ मिनिटं आवराआवर. लेखनाच्या २० मिनिटांत तुम्हीही खाली बसून लिहा. मोठी माणसं फिरत राहिली की मुलं लिहायचं सोडून 'सर, बरोबर आहे का?' सुरू करतात.

वाचनाच्या वेळी 'छान' हा शब्द बंद. ऐकणाऱ्याने लक्षात राहिलेली एक ओळ परत म्हणायची, बस्स. चूक काढायची नाही, सुचवायचंही नाही. ज्याला स्वतःचं वाचायची लाज वाटते त्याचं शेजारच्याने वाचावं. पण आधी विचारून.

शुद्धलेखन पहिल्या खर्ड्यात अजिबात नको. लाल पेन दिसलं की मूल जे शब्द खात्रीने लिहिता येतात तेवढ्यातच लिहितं, आणि तुम्हाला नेमके बाकीचे हवे असतात. घरी भोजपुरी बोलणाऱ्या मुलाने आजीचं वाक्य भोजपुरीतच लिहिलं तर तसंच राहू द्या, अवतरण चिन्हात.

अष्टाक्षरी
शाईपेन यांच्या वेळेच्या वाटणीशी सहमत, पण नुसत्या मुक्त लेखनावर थांबू नका. सहावीच्या मुलाला मोकळं सोडलं की दोन ओळींत संपतं. मोजमाप दिलं की तेच मूल अर्धा तास झगडतं.

यमक मोकळं सोडलं तर आई-घाई-ताई होणारच, म्हणून यमकाआधी साचा द्या. अभंग सगळ्यात सोपा : ६, ६, ६, ४ अक्षरं, यमक फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात. तुकोबांचं 'सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया' मुलांनी ऐकलेलं असतं, तेच फळ्यावर मोजून दाखवा.

मोजायला टाळ्या वापरू नका. बोलताना शेवटचा 'अ' गळतो, त्यामुळे 'रांग'ला एकच टाळी पडते, पण अक्षरं दोन. गणिताची चौकटीची वही आणा. एका चौकटीत एक अक्षर. जोडाक्षर पूर्णच्या पूर्ण एका चौकटीत (पा-ण्या-ची, तीन), अनुस्वार, काना, मात्रा यांना वेगळी चौकट नाही. मुलं चुकतात ती इथेच, 'ण्या' दोन चौकटींत फोडतात. तो गोंधळ पहिल्याच दिवशी मिटवा.

मग त्यांच्या रोजच्या गोष्टी घालायला सांगा. नमुना म्हणून फळ्यावर हे लिहा :

नळावर रांग / हंडा माझा खाली / पाचालाच आली / धार थोडी

'खाली' खोडून 'रिकामा' करायचा मोह होईल. करू नका, अक्षर वाढतं आणि यमकही जातं. मूल बोलतं तसं लिहू द्या.

यानंतर कोडी आणि उखाणे घ्या. उखाण्यात नवऱ्याच्या जागी वस्तूचं नाव घालायचं : मिक्सर, शेअर रिक्षा, दप्तर. हसतात, पण दोन ओळींत वजन कसं येतं ते हाताला कळतं. पोवाडा मात्र शेवटी ठेवा. पहिल्या आठवड्यात दिला की सगळे शिवाजी महाराजांवरच लिहितात आणि पुन्हा पाठांतराकडे जातात.

शाईपेन
@अष्टाक्षरी चौकटीची वही उत्तम. पण चौथ्या सत्राच्या आधी नको, हे माझं मत कायम. आधी तपशील बघायची सवय लागू दे. नाहीतर अक्षरं भरायला 'छान छान', 'गोड गोड' येतं. ६ अक्षरांत 'छान छान छान' चपखल बसतं हो!

समाजमंदिर_शेजारी
लेखनाबद्दल वर आलंच आहे, मी वेळापत्रक आणि काळजीच्या गोष्टी सांगते.

वर्षभराचा वर्ग जाहीर करू नका. १० सत्रांचा एक गट ठेवा, म्हणजे तुमच्या हिशेबाने ५ आठवडे. जूनच्या मध्यात शाळा उघडतात, पहिले पंधरा दिवस वह्या-पुस्तकांत जातात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा आणि गणपतीच्या आत संपवा. दहीहंडी जवळ आली की मोठे मुलगे संध्याकाळी थरांच्या सरावाला जातात, आणि गणपतीला कोकणातली अर्धी मुलं गावी. दुसरा गट दिवाळीच्या सुट्टीनंतर. तो जानेवारीत संपवलात तर पुस्तिका २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, वाचता येते. जोरदार पावसात लोकल बंद पडली तर तिघांपैकी कोण चालत पोहोचू शकतं ते आधीच ठरवा. मुलं वस्तीतलीच असल्याने ती येतातच, आणि कुलूप बघून परत जातात. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा येत नाहीत.

हॉलमध्ये कायम दोन मोठी माणसं, दार उघडं. पालकांची लेखी परवानगी मराठी आणि हिंदीत. त्यात फोटो, छपाई आणि इंटरनेटवर टाकणं या तिन्हींची वेगवेगळी खूण असू द्या.

सगळ्यात महत्त्वाचं : मुलं खरं लिहायला लागली की कधी ना कधी मारहाणीबद्दल किंवा त्याहून वाईट काही वहीत येणार. 'मी कुणालाही सांगणार नाही' असं वचन कधीही देऊ नका. तो कागद वर्गात वाचला जाऊ नये. मुलाला बाजूला घेऊन ऐका, खोदून खोदून विचारू नका, त्याचे शब्द जसेच्या तसे त्याच दिवशी लिहून ठेवा. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोक्सो कायद्याने (२०१२) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तुम्ही स्वयंसेवक आहात म्हणून सूट नाही. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन चोवीस तास आणि मोफत चालते. तो नंबर पहिल्याच दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि पुसू नका.

पुस्तिकेत पूर्ण नाव, शाळा, चाळीचा नंबर नको. पहिलं नाव किंवा मुलाने घेतलेलं टोपणनाव. टोपणनाव निवडण्यातच एक सत्र मजेत जातं.

डीटीपी_दादर
पुस्तिकेचं मी सांगतो. ए-४ कागद मधे दुमडला की ए-५ची ४ पानं, त्यामुळे एकूण पानं चारच्या पटीतच. २० मुलं, प्रत्येकी एक पान, अधिक मुखपृष्ठ, आतलं शीर्षकपान, अनुक्रमणिका, मलपृष्ठ = २४. म्हणजे प्रतीला ६ कागद पाठपोट. १०० प्रतींना ६०० कागद, एक रीम (५००) पुरत नाही. ७० जीएसएमचा (कागदाच्या वजनाचं माप, आकडा कमी तितका कागद पातळ) कागद घेऊ नका, मागची कविता पुढे दिसते. ८० जीएसएम घ्या.

प्रिंटरला 'बुकलेट' आणि पाठपोटसाठी आखूड बाजूने उलटण्याचा पर्याय. लांब बाजू निवडली की मागची पानं उलटी छापली जातात. आधी एकच प्रत काढून दुमडून बघा. साधा स्टेपलर मधल्या घडीपर्यंत पोहोचत नाही, लांब हाताचा लागतो. झेरॉक्सवाल्याकडे असतो का ते विचारून घ्या.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा आणि पीडीएफ द्या. वर्डची फाइल दिलीत तर दुकानातल्या कॉम्प्युटरवर फॉन्ट बदलतो आणि ओळी हलतात. डीटीपीवाला जुन्या फॉन्टमध्ये रूपांतर करत असेल तर प्रूफ वाचताना 'ऱ्या' आधी शोधा. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) गळतो. अक्षर १३ पॉइंट ठेवा, कविता डावीकडून लावा. मधोमध लावली की अभंगाचा छोटा चौथा चरण कुठे संपतो तेच दिसत नाही.

नेहरूनगर_वाचक
एकच शंका. टाइप कोण करणार? वीस वह्या आहेत.

डीटीपी_दादर
मुलंच. फोनवर मराठी कीबोर्ड टाकून. बोलून टाइप करायचा पर्याय मात्र बंद ठेवा. तो 'पाचालाच'चं 'पाच लाच' करतो आणि मुलं तपासत नाहीत. दोघांनी मिळून एक कविता : एकाने वहीतून ओळ वाचायची, दुसऱ्याने टाइप करायची, मग अदलाबदल. एका सत्रात वीस होत नाहीत, दोन धरा. वह्या मात्र छपाई होईपर्यंत हॉलच्या कपाटातच राहू द्या.