घोडीच्या पापणीवरची गाठ, बीसीजी टोचून घेतलंय का कुणी?

कुमैतवाला: नमस्कार मंडळी, आमची ७ वर्षांची कुमैत घोडी आहे, सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली. उजव्या पापणीवर हरभऱ्याएवढी गाठ होती ती दिवाळीपर्यंत लिंबाएवढी झाली, खरारा करताना नुसता हात लागला तरी मान झटकते. काका म्हणाले चामखीळ आहे, आणि तिच्याच शेपटीचा केस घट्ट बांधला, तर तिथून रक्त यायला लागलं. डॉक्टर म्हणतात सारकॉइड आहे, म्हणजे कातडीचा एक प्रकारचा कॅन्सर, कापायचं नाही, बीसीजी टोचू. ती बाळाच्या दंडावर देतात तीच ना? टीबीची लस कॅन्सरवर कशी चालेल? खूप काळजी लागलीये.

माळरान: तीच हो. सारकॉइड हा घोड्यांच्या कातडीचा सगळ्यात जास्त दिसणारा ट्यूमर, गाईगुरांच्या चामखिळीच्या व्हायरसमुळे होतो. आत फुप्फुसात वगैरे सहसा पसरत नाही पण जागेवर भयंकर चिवट, अर्धवट कापला किंवा डिवचला की दुप्पट जोमाने येतो, म्हणून केस, चुना, पापडखार काहीही नको! बीसीजीत जिवंत पण कमजोर केलेले जंतू असतात, ते गाठीत सोडले की शरीराचं सैन्य तिकडे धावतं आणि गाठीवरही तुटून पडतं. माणसांच्या मूत्राशयाच्या कॅन्सरलाही हेच वापरतात. डोळ्याजवळच्या गाठींना गुण चांगला येतो, पायावरच्या मात्र कधीकधी उलट चिघळतात. आमच्या घोड्याला दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने ४ वेळा टोचलं, तिसऱ्यानंतर गाठ सुजून पू वाहायला लागला, आई तर रडायलाच लागली, पण त्यानंतरच ती वाळून गळाली.

गुरांचा डॉक्टर: एक महत्त्वाचं. दुसऱ्या-तिसऱ्या डोसला जोरदार अ‍ॅलर्जी येऊन घोडं कोसळू शकतं. म्हणून आधी फ्लुनिक्सिन (सूज-दुखण्याचं औषध) आणि अ‍ॅलर्जीचं औषध देतात, आणि टोचल्यावर डॉक्टरांना लगेच जाऊ देऊ नका, अ‍ॅड्रेनालिन (असा झटका आला तर जीव वाचवणारं इंजेक्शन) हाताशी हवं. स्वतः टोचायच्या फंदात तर पडूच नका.

पांढरा_घोडा: माझ्या वरातीच्या घोड्याला शेपटीखाली काळ्या गाठी आहेत, त्याला चालेल का हे?

गुरांचा डॉक्टर: जन्मतः काळा होता आणि वयाबरोबर पांढरा पडला ना? मग ते बहुतेक मेलानोमा (कातडीच्या काळ्या रंगाच्या पेशींचा ट्यूमर), अशा घोड्यांत १५ वर्षांपुढे ८० टक्क्यांच्या आसपास दिसतो. त्याची गोष्ट वेगळी. अमेरिकेत कुत्र्यांच्या मेलानोमाची लस घोड्यांवर वापरून बघतात. गाठी लहान आहेत तोवर दाखवून घ्या.

कुमैतवाला: सगळ्यांचे मनापासून आभार. बुधवारी पहिली सुई आहे, डॉक्टरांना थांबायला सांगितलंय. केस आत्ताच कात्रीने कापून काढला, काकांनीच मोरकी धरली.