मोटर लावायची रबरी बोट – कुणाकडे होती किंवा आहे का? चांगले-वाईट सगळे अनुभव लिहा

माळ्यावरचीगोष्ट
परवा खडकवासल्यातून विसर्ग वाढवला म्हणून नदीपात्रातला रस्ता बंद, मी सिंहगड रोडने वळून घरी येत होते तर सिग्नलला पुढे एनडीआरएफचा ट्रक, मागे नारिंगी रबरी बोट अर्धवट गुंडाळलेली. स्कूटर शेजारी थांबली आणि ओलं रबर प्लस पेट्रोल असा वास आला, मला एकदम बाबा आठवले. डोळ्यात पाणीच आलं.

आमच्याकडे होती अशी बोट, म्हणजे अजून आहे, माळ्यावर. तीन मीटरची राखाडी, आणि ५ एचपीची टू-स्ट्रोक मोटर. बाबांनी मुंबईहून सेकंडहँड आणलेली. ओम्नीच्या मागे बोट, माझ्या पायाशी मोटर, आईच्या मांडीवर पोह्यांचा डबा, असे आम्ही पानशेतच्या बॅकवॉटरला जायचो. पोचल्यावर पायपंपाने फुगवायची, लाकडी फळ्या बसवायच्या, पाच लिटर पेट्रोलला १०० मिली ऑइल, मग दोरी ओढत बसायचं, पाण्यात तास-दीड तास. आणि घरी आल्यावर गच्चीत दोन दिवस वाळवण. जरा जरी ओल राहिली की घडीत बुरशी. आई म्हणायची हे पापडापेक्षा जास्त काम आहे. पण मोटर बंद करून पाण्याच्या मध्यावर बाबा गप्प बसायचे ना, ते गप्प बसणं मला अजून आठवतं.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. दादा म्हणतो विकून टाक. तुमचे अनुभव सांगा, फायदे तोटे दोन्ही.

उजनीकाठचा
ताई विकू नका आधी उघडून बघा. मी अकरा वर्षं वापरतोय, भिगवणला पक्ष्यांसाठी आणि थोडी मासेमारी. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे ट्रेलर लागत नाही, डिकीत मावते, पार्किंगचा प्रश्न नाही. दुसरं म्हणजे वीतभर पाण्यात चालते (मोटर वर उचलून, वल्ह्याने). फ्लेमिंगो असतील तिथे लांबच मोटर बंद करायची आणि वल्हवत जायचं नाहीतर अख्खा थवा उठतो, आणि उठलेला थवा म्हणजे त्यांचं खाणं बंद, हे कळत असून लोक जवळ नेतात त्याचा मला फार राग येतो.

तोटा म्हणाल तर जाळी. उजनीत सगळीकडे जाळी लावलेली असतात, खुणेला रिकाम्या बाटल्या किंवा थर्माकोल. पहिल्याच वर्षी मी एकावरून गेलो, प्रोपेलरला नायलॉन असं गुंडाळलं की कापायला तास लागला आणि ज्यांचं जाळं होतं ते काका काठावर उभे. भरपाई दिलीच, पण त्यांचा त्या दिवसाचा धंदा बुडाला तो बुडालाच. तेव्हापासून बाटली दिसली की लांबून वळसा. आणि चिलापी मासा बोटीत घेताना जपून, पाठीवरचे काटे ट्यूबमध्ये घुसतात, खाली जाड ताडपत्री टाकतो मी.

सांगलीचीलेक
माझ्याकडे स्वतःची नाही पण लिहिते. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात सांगलीला माहेरी अडकले होते, सासूबाई इकडे कोथरूडला फोनवर रडतायत आणि आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर पाणी. रबरी बोटच आली न्यायला. पाय ठेवला की तळ दबतो, मला वाटलं बुडतेय, जवान म्हणाले ताई बसा, ही अशीच असते. आमच्या गल्लीत कंपाऊंडच्या भिंतींवर काचा लावलेल्या आणि गेटचे भाले पाण्याखाली, दिसत नाहीत. एका बाजूची ट्यूब फाटलीच. पण कप्पे वेगळे असतात त्यामुळे एकच बाजू बसली, बाकी बोट तरंगत राहिली. प्रोपेलरमध्ये कुणाची तरी वाहून आलेली साडी अडकली मग मोटर उचलून वल्ह्यांनी नेलं. ते ओबीएम म्हणतात मोटरला, म्हणजे आउटबोर्ड मोटर. आमच्या बोटीत माणसं मोजून घेतली, जास्त एकही नाही, तेव्हा लोक चिडले होते. त्याच पुरात ब्रह्मनाळला जास्त माणसं भरलेली बोट उलटली त्यानंतर कुणी चिडलं नाही. त्या जवानांची नावंसुद्धा विचारली नाहीत मी.

पेठेतलाच
@सांगलीचीलेक एनडीआरएफची पाचवी बटालियन आपल्या तळेगावजवळ सुदुंबरेला आहे, तिथलेच असतील बहुतेक.

माझी आई १२ जुलै १९६१ ला शनिवारात वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर होती. पानशेत फुटलं तेव्हा. ती आजही पाणी सोडल्याची बातमी आली की पिण्याचं पाणी भरून ठेवते आणि कागदपत्रं वरच्या कपाटात टाकते. बोटीचा विषय नाही, पण आठवलं.

सांगलीचीलेक
@पेठेतलाच काकूंना नमस्कार सांगा. आमच्याकडेही आता कागदपत्रं वरच्याच कपाटात.

निवृत्तमास्तर
माळ्यावरचीगोष्ट, बोट उघडाल तेव्हा उन्हात पूर्ण फुगवून ठेवू नका. भौतिकशास्त्र शिकवत होतो म्हणून आकड्यात सांगतो. सकाळी २७ अंशांना ०.२५ बार दाब भरला आणि दुपारी आतली हवा ५७ अंशांवर गेली, गडद रबर उन्हात सहज तापतं, तर केल्व्हिनमध्ये ३०० चे ३३० झाले, म्हणजे एकूण दाब दहा टक्के वाढला. पण एकूण दाबात वातावरणाचा १ बार धरलेला असतो. १.२५ चे १.३७५ झाले, गेजवर ०.३७५ दिसेल. म्हणजे ट्यूबवरचा ताण दीडपट! जुने सांधे इथेच सुटतात. काठावर ठेवताना थोडी हवा सोडावी, आणि उलट गार पाण्यात उतरवल्यावर मऊ पडते तेव्हा दहा मिनिटांनी पुन्हा भरावी.

कर्वेनगर_क्रमांक४
सर तुम्ही आम्हाला अकरावीला असता तर...

कुणी पंपाचं बोलतच नाहीये. पायपंप विसरा. १२ व्होल्टचा घ्या, गाडीच्या बॅटरीवर चालतो, शेवटचे दहा टक्के फक्त हाताने. माझा आहे, हवा असेल तर देतो.

लालदोरी
मी फक्त एकच गोष्ट लिहिणार, बाकी काही लिहिलं नाही तरी चालेल. किल कॉर्ड. मोटरला ती लाल गुंडाळीची दोरी असते, एक टोक स्विचला आणि दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा गुडघ्याला, तो पडला की दोरी ओढली जाऊन मोटर बंद. आमच्या मित्राने बांधली नव्हती. वळणावर तो ट्यूबवरून मागे पडला, बोटीत कुणी नाही, मोटर चालू आणि टिलर (मोटर वळवायचा दांडा) एका बाजूला वळलेला, बोट त्याच्याच भोवती गोल गोल फिरायला लागली. मी दुसऱ्या बोटीत, जवळ जाता येईना. लाइफ जॅकेट होतं म्हणून वर तरंगत होता आणि त्याच जॅकेटमुळे त्याला डुबकी मारून खाली जाता येईना. प्रोपेलर पिंढरीला लागला, १९ टाके. आज तो चालतो फिरतो पण पाण्यात उतरत नाही. कृपया बांधा, मुलांच्या हातात टिलर देताना तर आधी ती दोरी.

माळ्यावरचीगोष्ट
बापरे. बाबा ती माझ्या हाताला बांधायचे, मला वाटायचं मी पडू नये म्हणून आहे. आज कळलं.

खाडीपार
कोकणवाले कुणी आहे का? आम्ही बाणकोट खाडीत नेली होती, भरतीला काठाला बांधून जेवायला गेलो, सोलकढी वगैरे निवांत, परत आलो तर पाणी लांब गेलेलं आणि बोट चिखलात कालवांच्या (शिंपल्यांच्या) खडकावर बसलेली. कालवांची कड म्हणजे ब्लेड. तीन ठिकाणी चिरली. परत येऊन आपल्या टायर पंक्चरवाल्याकडे नेली, त्याने बिचाऱ्याने मनापासून पॅच लावला पण सोल्यूशन पीव्हीसीला धरत नाही, दोन दिवसांत सुटलं. पीव्हीसीचा गोंद वेगळा आणि हायपॅलॉन रबराचा वेगळा, दोन भाग मिसळायचा असतो तो. आणि खाऱ्या पाण्यातून आल्यावर मोटर निळ्या ड्रममध्ये गोड्या पाण्यात दहा मिनिटं चालवायचीच, आतून मीठ साठतं.

वल्हेकरी
मी रोइंगवाला, कॉलेजात असताना पहाटे पाण्यावर. मोटरबोटीची लाट आली की आमच्या सडपातळ बोटीत पाणी. त्यामुळे विनंती, वल्हवणारे दिसले की हळू.
आणि रबरी बोट वल्हवायला अतिशय जड, वारं तर तिला कागदासारखं ढकलतं. मे महिन्यात दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो तेव्हा मोटर बंद पडली तर परत येणं अवघड. दुपारच्या आत काठाला लागा.

कायद्याचंबोला
धरणात खासगी बोट टाकायला जलसंपदा खात्याची परवानगी लागते आणि इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट २०२१ प्रमाणे मोटरच्या बोटीची नोंदणी. आधी चौकशी करा मग खर्च करा. मी उलटं केलं, बोट चौदा महिने कपाटात.

उजनीकाठचा
@वल्हेकरी शंभर टक्के.
ताई मोटरमध्ये जुनं पेट्रोल राहिलं असेल ना, कार्ब्युरेटर साफ करून घ्या. आणि आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलने तर अजून जपायचं, ते ओल ओढून घेतं, म्हणून घरी निघायच्या आधी मी नळी काढून मोटर आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. शिअर पिना (प्रोपेलर कशाला आपटला की त्या तुटतात आणि मोटर वाचते) पण चार जास्तीच्या ठेवा, बॅकवॉटरला उन्हाळ्यात बुडालेली खोडं आणि जुन्या भिंती वर येतात.

माळ्यावरचीगोष्ट
सगळ्यांचे आभार, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. आत्ताच शिडी लावून बघितलं. गुंडाळीवर टाल्कम पावडरचा थर आहे अजून, बाबांनी शेवटची घडी घातली तेव्हाचा. एका कोपऱ्याला उंदराने कुरतडलंय. आत पिशवीत दोन शिअर पिना आणि ती लाल दोरी मिळाली. दादाला फोटो पाठवला तर म्हणाला थांब, मी येतो, एकटी उघडू नकोस.

@कर्वेनगर_क्रमांक४ रविवारी पंप मिळेल का? पाऊस नसेल तर गच्चीत, सकाळी, उन्हाच्या आत.

कर्वेनगर_क्रमांक४
आठला पोचतो. गच्चीत प्लग पॉइंट आहे का? नसेल तर बॅटरी पण उचलून आणतो, लिफ्ट आहे ना?

माळ्यावरचीगोष्ट
लिफ्ट चौथ्यापर्यंतच, पुढे एक जिना. पोहे करते.