मदत हवी आहे: बहिणीच्या मेंदूला सूज, रिपोर्टची वाट बघत बसायचं का? (नाशिक)

सातपूरकर
बहीण अकरा दिवसांपासून ॲडमिट आहे. डॉक्टर म्हणतात ऑटोइम्यून असू शकतं, शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटली आहे. सॅम्पल मुंबईला गेलंय, रिपोर्टला आठवडा लागेल. तोवर नुसतं बघत बसायचं? मुंबईला हलवू का? अनुभव असेल त्यांनी लवकर सांगा.

गंगापूर_रोड
वय किती? ताप होता? सॅम्पल कसलं, रक्ताचं की पाठीतल्या पाण्याचं? एवढ्यावरून कोण काय सांगणार?

सातपूरकर
वय २२. सुरुवातीला डोकेदुखी आणि एक दिवस ताप. मग झोपच उडाली, आई जेवणात काहीतरी घालते म्हणायची. मानसोपचारवाल्यांकडे नेलं, तिथल्या गोळ्यांनी अंग लाकडासारखं झालं. मग फिट आली. आता बोलणं बंद. तोंड सारखं हलतं, शेंगदाणे चावल्यासारखं, आणि उजव्या हाताची बोटं चादरीची कड गोळा करत राहतात. एमआरआय नॉर्मल आहे. मग सूज आली कुठून?

त्र्यंबकभक्त
तोंड हलणं, संशय घेणं, ही बाहेरची लक्षणं वाटतात. आमच्या गावात एकीला असंच होतं, शांती केल्यावर सुधारली. बघा एकदा.

सिन्नरची_वहिनी
दादा, कृपा करून असं सांगू नका. माझ्या नणंदेला हेच होतं, हेच तोंड हलणं. आम्ही देवरुषाच्या नादात नऊ दिवस घालवले, ते अजून सलतं. तिला अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस निघाला, म्हणजे शरीराने बनवलेल्या अँटीबॉडीच मेंदूच्या पेशींवर उलटतात. एमआरआय तिचाही नॉर्मल होता, ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखात, मात्र दोष दिसला. सातपूरकर, पाठीतलं पाणी काढलं का ते सांगा. अँटीबॉडीची तपासणी रक्तात निगेटिव्ह येऊन पाण्यात पॉझिटिव्ह येऊ शकते.

त्र्यंबकभक्त
औषध बंद करा असं मी कुठे म्हटलं? दोन्ही चालू ठेवता येतं.

गंगापूर_रोड
चालू ठेवता येतं, पण पेशंटला हॉस्पिटलमधून हलवून नाही.

सातपूरकर
भांडू नका हो. पाणी काल काढलं, दोन्ही पाठवलंय. त्यात पेशी वाढलेल्या आहेत, ते सुजेचं लक्षण म्हणाले.

आयसीयू_सिस्टर
पंधरा वर्षं आयसीयूत काम करतेय. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. हर्पिसच्या (या विषाणूनेही मेंदूला सूज येते) तपासणीचं काय झालं, आणि तोवर त्यावरचं औषध ॲसायक्लोव्हिर चालू आहे का? संसर्ग नाही अशी बऱ्यापैकी खात्री झाली की अँटीबॉडीच्या रिपोर्टआधीच उपचार सुरू करता येतात, ते करणार आहेत का? आणि पोटाची सोनोग्राफी झाली का? तरुण मुलींत या आजारामागे कधी कधी अंडाशयातली गाठ, टेराटोमा असते. ती काढली नाही तर औषधांचा गुण नीट येत नाही. हा आजार नावानिशी ओळखला गेला तोच २००७ मध्ये, डॉ. जोसेप दालमाऊ यांच्यामुळे. त्याआधी अशा किती मुली नुसत्या वेड्या ठरल्या असतील.

ओझर_टू_सीएसटी
मुंबईला जाणार असाल तर नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडा. राहायला धर्मशाळा बघून ठेवा.

सातपूरकर
फिट येणाऱ्या पेशंटला पंचवटीने कसं नेऊ? औषध कोणतं आणि खर्च किती, ते सांगा कोणीतरी.

सिन्नरची_वहिनी
आधी मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, रोज एक ग्रॅम सलाईनमधून, पाच दिवस. जोडीला आयव्हीआयजी, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडी, शिरेतून. ते वजनावर असतं, किलोमागे एकूण दोन ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. म्हणून खर्च वजनावर जातो. काहींना रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, बदलतात. एवढ्याने फरक पडला नाही तर रिटुक्सिमॅब, हे प्रतिकारशक्ती दाबणारं पुढच्या टप्प्याचं औषध. आमच्या हिला ते लागलं. नाशिकमध्ये न्यूरोलॉजिस्ट आणि चांगला आयसीयू असेल तर लगेच हलवायची घाई नको, आमचे उपचार इथेच झाले. बोलायला लागली ती सातव्या आठवड्यात. तोवर रोज हात धरून बसायचो.

गंगापूर_रोड
वजन किती तिचं?

सातपूरकर
४६. आत्ताच डॉक्टरांशी बोललो. हर्पिस निगेटिव्ह आलाय, स्टिरॉइड आज रात्रीपासून. सोनोग्राफी झालीच नव्हती, उद्या सकाळी करतायत. सिस्टर, तुम्ही सांगितलं म्हणून विचारलं.

आयसीयू_सिस्टर
चांगलं झालं. स्टिरॉइडने वाढू शकतात, म्हणून साखर आणि बीपीवर लक्ष ठेवायला सांगा. आणि आयव्हीआयजीचे पैसे भरण्याआधी हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला भेटा, महात्मा फुले योजनेत काय बसतं ते तो सांगेल. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.

सातपूरकर
रेशनकार्ड गावी आहे, निफाडला. भाऊ आत्ता बाइकवर निघतोय आणायला.