बोनेटखाली तेल, धूळ आणि उंदरांच्या लेंड्या, घरीच साफ करायचंय, पाणी मारू का?

मांजलपूरकर

नमस्कार मंडळी. बाबांची गाडी आहे, २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, नंतर बाहेरून सीएनजी किट बसवलेलं. बाबा गेल्यापासून ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आहे, चारेक महिने तर सुरूही केली नव्हती. आई म्हणते विकायची नाही, तू चालव. काल बोनेट उघडलं तर काय सांगू, वर बोटभर धूळ, तेल झिरपून झिरपून त्यावर काळा थर, वायपरखालच्या जाळीत आसोपालवाची (अशोकाची) कुजलेली पानं, आणि बॅटरीमागे उंदरांनी कागदाचं घरटं केलंय, भरपूर लेंड्या.

वॉशिंग सेंटरला न्यायची हिंमत होत नाही, शेजारच्यांच्या गाडीत एका ठिकाणी इंजिनवर जेट मारला होता ती नंतर दोन दिवस नीट सुरूच होईना. बाबा दर रविवारी स्वतः पुसायचे, मलापण स्वतःच करायचंय. पण पाणी मारायचं का नाही? मारलं तर किती? घरात भांड्याचा साबण आहे आणि बागेचा पाइप आहे, एवढ्यावर होईल का?

दहा_नंबरचा_पाना

मी आपल्या वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) ३१ वर्षं मेंटेनन्सला होतो, मशीन असो की गाडी, एकच गोष्ट शिकलो की धुण्यापेक्षा पुसणं बरं. तुझ्या गाडीचं ऐंशी टक्के काम ब्रश आणि फडक्यानेच होईल बघ. पाणी अगदी शेवटी आणि तेही थोडंच.

आधी इंजिन पूर्ण गार पाहिजे, हात ठेवून बघायचा. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं की तडा जायची भीती असते, आणि डीग्रीझर (तेलाचा थर सोडवणारं द्रावण) तापलेल्या भागावर लगेच सुकतो, त्याचे डाग मग निघत नाहीत. सकाळी ७ ला सुरू कर, सावलीत. बॅटरीचा मायनस आधी काढ, दहा नंबरचा पाना लागतो, मग प्लस. परत लावताना उलटं, प्लस आधी, मायनस शेवटी. हे लक्षात ठेव, कारण मायनस लावलेला असताना प्लस काढायला गेलास आणि पाना बॉडीला लागला की ठिणगी उडते, आणि तुझ्या गाडीत गॅस आहे. बॅटरी काढली की काही गाड्यांत घड्याळ, रेडिओ पुन्हा सेट करावे लागतात, आयडलिंगही (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) थोडा वेळ वरखाली होतं, घाबरू नको.

मग झाकाझाकी. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), फ्यूज बॉक्स, इंजिनचा ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर), एअर फिल्टरचं तोंड, स्पार्क प्लगवरच्या कॉइल (ठिणगीसाठी वीज देणाऱ्या), यांच्यावर दुधाच्या पिशव्या कापून रबर बँड लाव. सीएनजी किटचा ईसीयू, म्हणजे त्याचा स्वतःचा कॉम्प्युटर, वेगळा असतो, बाहेरून बसवलेल्यांत तो बरेचदा कुठेतरी कोपऱ्यात टांगलेला असतो, तो शोधून काढ आणि झाक. त्याचं वायरिंग कंपनीच्या वायरिंगइतकं बंदिस्त नसतं, तिथे पाणी गेलं की गाडी गॅसवर मिसिंग करते (धक्के खात चालते) आणि मेकॅनिकला आठवडाभर सापडत नाही. ऑइलचं झाकण, डिपस्टिक घट्ट बसलीयेत ना तेही बघ.

पानं हाताने काढ. ब्लोअर असेल तर आधी सगळी कोरडी धूळ उडवून टाक. मग पाण्यात मिसळणारा डीग्रीझर, भांड्याचा साबण हलकी धूळ काढेल पण तेलाचा थर नाही. डीग्रीझर थेट न मारता ब्रशवर घेऊन लाव, ५ ते १० मिनिटं ठेव, सुकू देऊ नको, जुन्या टूथब्रशने घास आणि ओल्या फडक्याने पुसून घे. जिथे फारच चिकट आहे तिथे बागेच्या पाइपचं नॉझल काढून अगदी हलकी धार, तीही खालच्या भागात, वरती नको. कॉइलजवळ पाणी अजिबात नको, प्लगच्या खड्ड्यात साचतं. आणि कॉटन वेस्ट वापरू नको, त्याचे दोरे बेल्टमध्ये अडकतात.

निजामपुरा_लॅब

काका बाकी सगळं छान सांगितलंत पण एक गोष्ट प्लीज बदला, उंदराच्या लेंड्यांवर ब्लोअर मारू नका!! झाडूपण नको. ती धूळ नाकातोंडात जाते. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो, हाताला छोटीशी जखम असली तरी पुरते, आणि आपल्या खाली सुरत-वलसाडकडे पावसाळ्यात त्याचे पेशंट कायमच असतात.

मांजलपूरकर तुम्ही असं करा, रबरी हातमोजे आणि मास्क घाला. घरातलं ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग, त्यात टिश्यू भिजवून लेंड्यांवर आणि घरट्यावर ठेवा, ५ मिनिटं थांबा, मग ते सगळं तसंच ओलं उचलून पिशवीत बांधून टाका. नंतर तिथे साध्या पाण्याच्या फडक्याने पुसा कारण ब्लीच राहिलं तर अॅल्युमिनियम खातं. आणि ब्लीच बाथरूमच्या अॅसिडबरोबर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. डीग्रीझरही त्याच वेळी नको, ब्लीचचं काम पूर्ण संपल्यावरच.

फतेहगंज_रायडर

एवढं कशाला, आमचा गॅरेजवाला रॉकेल नाहीतर डिझेल मारतो, दहा मिनिटात चकाचक

दहा_नंबरचा_पाना

निजामपुरा ताई, बरोबर आहे तुमचं, ब्लोअरचं वाक्य मी मागे घेतो, आधी लेंड्या ओल्या उचलायच्या, ब्लोअर नंतर.

फतेहगंज भाऊ, हात जोडून सांगतो, डिझेल रॉकेल नको. रबराचे पाइप आणि सील फुगतात, बेल्टवर गेलं तर घसरतो, आणि वास राहतो तो वेगळाच. बंद जागेत त्याची वाफ साठलेली असताना गाडी सुरू केली तर आगीची भीती. सीएनजीच्या गाडीत तर विचारही नको.

मांजलपूरकर, अजून दोन गोष्टी राहिल्या. गाडीजवळ गॅसचा वास आला तर साफसफाई थांबव, कोणताही स्विच सुरू-बंद करू नको, डिकीतल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद कर आणि किटवाल्याला बोलव. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) ३ वर्षांनी करावी लागते, गाडी उभी होती म्हणजे तारीख उलटली असेल, प्लेटवर बघ. आणि ते काळं पाणी पार्किंगच्या गटारात सोडू नको रे. आपलं पाणी शेवटी विश्वामित्री नदीत जातं, तिथे मगरी राहतात, कासवं राहतात, त्यांच्या अंगावर आपलं तेल कशाला? खाली पुठ्ठे आणि सुताराकडचा भुसा पसर, तो तेल ओढून घेतो.

मांजलपूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रविवारी केलं. घरट्यालाच पाऊण तास गेला, ताईंनी सांगितलं तसंच केलं. किटचा ईसीयू डाव्या बाजूला हेडलाइटमागे निघाला, तो झाकला. त्याच्याजवळची एक वायर उंदरांनी अर्धी कुरतडलेली होती, तांबं दिसत होतं, ते बघून पोटात गोळा आला, पाणी मारलं असतं तर?? तिथे फक्त कोरडं फडकं फिरवलं, किटवाल्याला सांगितलंय, तो नीट जोडेपर्यंत पेट्रोलवरच. हायड्रो टेस्टची तारीखही उलटलीये, ती त्याच वेळी करणार.

पाइप लागलाच नाही काका. दोन बादल्या पाण्यात सगळं झालं. नंतर बोनेट उघडं टाकून दोन तास उन्हात ठेवली, पिशव्या काढल्या, बॅटरी तुम्ही सांगितल्या क्रमाने लावली. सुरू झाली पण मिसिंग करत होती, लगेच बंद केली.

दहा_नंबरचा_पाना

कॉइल काढून बघ, खड्ड्यात ओल असेल. कॉइल एकेक काढ, फडक्याचं टोक घालून टिपून घे, हेअर ड्रायर असेल तर लांबून. प्लग काढू नको, नाहीतर पाणी सिलिंडरमध्ये उतरेल.

मांजलपूरकर

दुसऱ्या कॉइलखाली चमचाभर पाणी होतं, बहुतेक ब्रशचं गळालं. टिपून घेतलं, आता अगदी स्मूद. रावपुऱ्यापर्यंत जाऊन आलो, आई शेजारी बसली होती. परत आल्यावर टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) कडेला पांढरा कागद लावून बघितला तर मागच्या कोपऱ्यात ताजं तेल दिसतंय, म्हणजे एवढा काळा थर तिथूनच आला होता. त्या कव्हरचं पॅकिंग (सील) बदलायला किती वेळ लागतो काका, घरी होईल का?

दहा_नंबरचा_पाना

होईल. पण बोल्ट ठरलेल्या ताकदीने आणि ठरलेल्या क्रमाने आवळावे लागतात, टॉर्क पाना लागतो. माझ्याकडे आहे. पुढच्या रविवारी घेऊन येतो, नवीन पॅकिंग तू आणून ठेव.