चांदीपुरा विषाणूवर कातडीतून द्यायची डीएनए लस: सरकारनं पैसा घालावा का?

बर्डीवाला (धागाकर्ता)
चांदीपुरा विषाणू सापडला 1965 मध्ये, आपल्या नागपूरच्या चांदीपुऱ्यात, तापाच्या रुग्णांच्या रक्तात. अजून त्यावर ना लस, ना औषध. 2003 मध्ये आंध्रात 329 मुलं आजारी पडली, 183 दगावली. 2007 मध्ये साथ आपल्याच नागपूर विभागात होती. सकाळी ताप, संध्याकाळी झटके, दुसऱ्या दिवशी लेकरू बेशुद्ध. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात आणेस्तोवर उशीर झालेला असतो.

माझं मत: यावर डीएनए लस बनवा. झायकोव-डी आठवते ना? अहमदाबादच्या झायडस कंपनीची कोविडवरची लस, 20 ऑगस्ट 2021 ला परवानगी मिळाली. माणसांसाठीची जगातली पहिली डीएनए लस. विषाणूच्या एका प्रथिनाचा नुसता नकाशा प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या गोल कड्यावर, चढवायचा आणि सुईशिवाय, स्प्रिंगच्या दाबानं कातडीत सोडायचा. तिथल्या पेशी ते प्रथिन स्वतः बनवतात, आणि कातडीत पहारा देणाऱ्या पेशी भरपूर असल्यानं शरीर लवकर सावध होतं. कोविडचा तुकडा काढून चांदीपुऱ्याच्या जी-प्रथिनाचा (विषाणूच्या बाहेरच्या आवरणावरचं प्रथिन) तुकडा बसवला की बाकी पद्धत तीच. नागपूरचं नाव लागलेला रोग आहे, आपण मागणी नाही करायची तर कोणी करायची?

गडचिरोली_डॉक्टर
'तुकडा बदलला की झालं' इतकं सोपं असतं तर आतापर्यंत डझनभर लसी आल्या असत्या. डीएनए लस 1990 च्या दशकापासून उंदरांत झकास चालते, माणसात मात्र ढेपाळते. कारण डीएनएला पेशीत शिरून थेट केंद्रकापर्यंत पोचावं लागतं आणि बहुतेक वाटेतच संपतं. झायकोव-डीचा परिणाम 66.6 टक्के निघाला, तोही तीन डोसांनंतर. शिवाय चाचणीचं काय? कोविडच्या वेळी 27 हजारांवर लोक घेतले, रोग सगळीकडं होता म्हणून उत्तर मिळालं. चांदीपुरा आज इथं, मग कित्येक वर्षं गायब. 2024 मध्ये एवढी मोठी साथ आली, तरी चांदीपुरा पक्का निघालेले रुग्ण 64. लस चालते हे सिद्ध कुठं करणार?

मातीची_भिंत
डॉक्टर बरोबर बोलून राहिले. अन् मी त्याच्याही मागं जातो. हा रोग वाळूमाशी पसरवते. ती मातीच्या भिंतीच्या भेगांत, गोठ्यात, शेणाच्या ढिगाजवळ राहते. भेगा लिंपा, गोठा घरापासून दूर न्या, पावसाळ्याआधी फवारा. त्यानं काळा आजारही आटोक्यात येते, तोही वाळूमाशीच पसरवते. लसीनं एकच रोग जाईल.

बर्डीवाला
भाऊ, लिंपण दर पावसाळ्यात उखडते. आणि जिथं गोठा अन् घर एकाच भिंतीला आहे, तिथं गोठा नेणार कुठं?

दोन_लेकरांचा_बाप
मले एकच सांगा. लेकराच्या अंगात दुसऱ्याचा डीएनए टाकला अन् तो त्याच्या डीएनएत चिपकला तर? पुढच्या पिढीले काही झालं तर कोण जबाबदार?

गडचिरोली_डॉक्टर
मी या लसीच्या बाजूचा नाही, पण ही भीती फोल आहे. प्लाझ्मिड पेशीच्या डीएनएत मिसळत नाही, बाजूला सुटं राहतं आणि काही काळानं नष्ट होतं. मिसळण्याची शक्यता तपासणं हा मंजुरीआधीच्या चाचण्यांचा भागच असतो. अमेरिकेत घोड्यांना वेस्ट नाईलवरची डीएनए लस 2005 मध्येच मंजूर झाली. विरोध करायचा तर खर्चावर आणि परिणामावर करा.

एएनएम_सिस्टर
कातडीतून लस म्हणजे काही अप्रूप नाही. बीसीजी डाव्या दंडाला कातडीतच देतो. 2016 पासून पोलिओचा 0.1 मिलीचा डोसही कातडीत. चामडीवर फोड आला पाहिजे, नाहीतर डोस खाली गेला समजायचं. रडणाऱ्या लेकरासोबत हे किती जमते ते आमाले विचारा. म्हणून बिनसुईचं यंत्र मला आवडेल, टोचल्यासारखं नाही आणि सुईचा कचराही नाही.

पण झायकोव-डीचा एक डोस म्हणजे दोन्ही दंडांवर एकेक. तीन वेळा, अठ्ठावीस दिवसांच्या अंतरानं. सहा झटके! पहिल्याला येणारी बाई तिसऱ्याला कापसाच्या शेतात असते. आणि ती 25 अंशाला तीन महिने टिकते म्हणतात. मे महिन्यात आमच्या उपकेंद्रात 25 अंश फक्त फ्रीजमध्ये असते. मग फ्रीज लागतोच, तर फायदा काय?

बर्डीवाला
सिस्टर, गाडी पंक्चर झाली, लाईट गेली तरी लस नासत नाही, हा फायदा. डोस मात्र कमी करावे लागतील, हे मान्य. झायडसनं दोन डोसांचाही प्रयत्न केला होता.

मातीची_भिंत
अन् पैसे? 2021 मध्ये झायकोव-डीचा डोस 265 रुपये होता, यंत्राचे 93 वेगळे, वर जीएसटी. सरकारनं एक कोटी डोस मागवले. मोठ्या कंपनीले कोविडात गिऱ्हाईक होतं. चांदीपुऱ्याचं गिऱ्हाईक म्हणजे झोपडीतलं लेकरू.

बर्डीवाला
म्हणूनच सरकारी पैसा म्हणतो ना. नफा असता तर धागा कशाला काढला असता?

गडचिरोली_डॉक्टर
पुण्याच्या एनआयव्हीनं (राष्ट्रीय विषाणू संस्था) मृत विषाणूची चांदीपुऱ्यावरची लस उंदरांवर तपासली आहे. जुनी, ओळखीची पद्धत. आधी ती पुढं न्या. डीएनएवाल्यांनी तिच्याशेजारी उभं राहून जास्त प्रतिपिंडं दाखवली तर मी गप्प बसतो.

एएनएम_सिस्टर
दोन्ही आणा, पण साथ जूनपासून सुरू होते. शेवटचा डोस मेच्या आत बसला पाहिजे. एप्रिलमध्ये अर्धं गाव लग्नाला अन् अर्धं मजुरीला, ते सत्र कसं भरवायचं तेवढं आधी सांगा.