'संरक्षण यंत्रणा' पालकांना कळेल का?

रानजाई: नववी-दहावीच्या पालकांसाठी पत्रक मराठीत करतेय. विषय: मुलं ताण कसा झेलतात, मन स्वतःला कसं वाचवतं. 'डिफेन्स मेकॅनिझम'ला पाठ्यपुस्तकी 'संरक्षण यंत्रणा' लिहिलं, तर एका आईने विचारलं, शाळेला काही धोका आहे का? दमन (नकोसं ते नकळत मनाआड ढकलणं), प्रक्षेपण, विस्थापन इथेही वाचणारे अडतात. काय लिहू?

पारिजात: विस्थापन म्हटलं की कोयनेचे धरणग्रस्त आठवतात. सरळ 'वड्याचं तेल वांग्यावर' लिहा. सर वर्गात बोलले, पोरगं घरी येऊन धाकटीवर खेकसलं. कुठल्या आईला कळणार नाही?

शब्दवेडा: ताई, म्हणीत दोष दिल्याचा सूर असतो. हे सगळं नकळत घडतं, हाच तर गाभा आहे. म्हण वाचून पालक मुलालाच धारेवर धरतील. संज्ञा रुक्ष असली तरी कुणावर ठपका ठेवत नाही.

नदीकाठ: मनोविश्लेषक ॲना फ्रॉइडने १९३६च्या पुस्तकात वयात येणाऱ्यांच्या दोन तऱ्हा सांगितल्यात. एक विरक्ती: गोडधोड, नटणंमुरडणं, मौजमजा एकदम बंद. दुसरी बौद्धिकीकरण. माझा भाचा घरात भांडण पेटलं की लग्नसंस्था कशी कालबाह्य आहे यावर तासभर बोलायचा. स्वतःला काय होतंय, ते अवाक्षर नाही. आजी म्हणायची, किती समंजस झालाय! पत्रकात हे यायलाच हवं, अशा मुलांकडे कुणाचंच लक्ष जात नाही.

उंबरठा: 'यंत्रणा'च नको. संस्कृतात त्याचा अर्थ निर्बंध, पीडा. बंगालीत आजही वेदना. 'मनाची ढाल' म्हणा.

शब्दवेडा: ढाल माणूस जाणूनबुजून धरतो. वेळापत्रक आखणं, मैत्रिणीपाशी मन मोकळं करणं हे जाणतेपणी होतं, त्याला 'तणावाचा सामना' म्हणा. दोन्हींची सरमिसळ नको.

पारिजात: मग प्रिलिमच्या आदल्या दुपारी मुलगा ताणून देतो, ते कशात बसवाल? घरचे आळशी म्हणतात. मला वाटतं, ती त्याची धास्ती आहे.

उंबरठा: 'ताणून देणे' म्हणजे अंग ताणून झोपणं. मनावरच्या ताणाशी त्याचा संबंध नाही.

नदीकाठ: धातू एकच, तन्. संबंध नाही कसा?

रानजाई: पत्रक शुक्रवारी छापायला जातंय. 'प्रक्षेपण'ला अजून कुणी हात लावला नाही. स्वतःच्या मनातला राग दुसऱ्याच्या मनात दिसणं, एवढंच लिहू का?

उंबरठा: धातू एक असला म्हणून अर्थ एक होत नाही. 'तंतू'ही तन् पासूनच आलाय.